आतली कडी

भाच्याचं लग्न उरकून सुगंधा परब कणकवलीहून परत आली, मुलुंडच्या आपल्या घराचं कुलूप उघडलं आणि पिशवी दारातच टाकून आधी स्वयंपाकघरात गेली. प्रवासाने अंग आंबलं होतं, घोटभर चहा हवा होता. पण ओट्यावर शेगडी नव्हती. खाली सिलिंडर नव्हता. शेगडीच्या जागी एक थर्मास आणि फुलदाणीत प्लॅस्टिकची फुलं.

चोरी झाली, असं तिला आधी वाटलं. पण चोर फुलं कशाला मांडून जाईल?

हातपाय धुवायला ती बाथरूममध्ये शिरली. दार लोटून सवयीने कडीवर हात टाकला, तर हाताला नुसतं लाकूड लागलं. कडी काढून टाकलेली. स्क्रूची भोकंसुद्धा लांबी भरून बुजवलेली.

"कोणी केल्यान ह्यां?" ती भिंतींवरच ओरडली. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी राग चढला की तिच्या तोंडात मालवणीच यायची.

तशीच धुमसत ती हॉलमध्ये आली आणि प्रवासाची साडी सोडू लागली. पदर खांद्यावरून उतरवला, तोच कपाटावरून आवाज आला, "आई, पोचलीस का? अगं थांब, थांब, इथे नको बदलू!"

आवाज तिच्या मुलाचा, सुयोगचा. तिने पदर छातीशी गच्च धरला. कपाटावर एक पांढरा गोळा बसला होता आणि तिच्याकडे वळत होता.

"घाबरू नको, कॅमेरा आहे. मी दिंडोशीलाच आहे, घरी. तू नसताना सगळं सेट करून घेतलं. गॅसची कटकट नको आता तुला. दुपारी डबा येईल, एकदम घरगुती आहे. मस्त आराम कर."

"ह्यात कोण कोण बघतं?"

"मी बघतो गं फक्त. म्हणजे, गंधालीच्या फोनवर पण आहे."

सुनेचंही नाव ऐकून सुगंधाने कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि एका फटक्यात तो गोळा खाली पाडला. वायर उपटली. मग सोफ्यावर बसली.

नवरा कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हा सुयोग शाळेत होता. नवरा घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तेव्हा तिने खाणावळ सुरू केली. पहाटे उठून चपात्या, दोन भाज्या, बुधवार-शुक्रवारी बांगड्याचं तिखलं. आसपासच्या कारखान्यांतली किती पोरं तिच्या हातचं जेवून मोठी झाली. सुयोगचं इंजिनिअरिंग त्याच जाळावर शिजलं होतं. आणि आज तो तिला डबा लावून देत होता!

कारण तिला ठाऊक होतं. पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली होती. मनगट मोडलं, उठता येईना आणि कडी आतून लावलेली. खालच्या मजल्यावरच्या रेवतीने हाका ऐकल्या, सुयोगला फोन केला, शेवटी सुताराने दार फोडलं. प्लास्टर निघाल्यावर सुगंधाने स्वतःच भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली होती, पायाखाली रबरी मॅट टाकली होती. तिने तिचा धडा घेतला होता. पण तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही. नवीन दाराची कडी काढायला मात्र सुयोगने तिच्या गावाला जायची वाट बघितली.

साडी तिने बदललीच नाही. खणातून स्क्रूड्रायव्हर काढला, पर्समध्ये टाकला आणि दिंडोशीला सुयोगच्या घरी जायला लिंक रोडने गोरेगावकडे जाणारी बस पकडली.

दार सुनेने, गंधालीने उघडलं. "आई? तुम्ही एकट्या कशा आलात?"

"बसने," सुगंधा म्हणाली आणि चपला काढून थेट आत, त्यांच्या बेडरूममध्ये गेली. तिथल्या बाथरूमच्या दाराशी स्टूल ओढून बसली. स्क्रू घट्ट होते. मनगट दुखलं, पण तिने सोडलं नाही.

सुयोग धावत आला. "आई, काय चाललंय काय?"

"मी तुझी काळजी करतंय."

"वेड लागलंय का तुला? कडी का काढतेयस?"

"तुझं बीपी वाढलंय ना? आत चक्कर आली तर? कोणी काढायचं तुला बाहेर?" शेवटचा स्क्रू निघाला. कडी तिने त्याच्या हातात ठेवली. "जा आता आंघोळीला. मी हयच बसतंय. जा!"

सुयोग लालबुंद झाला. "ते वेगळं आहे! तू त्र्याहत्तर वर्षांची आहेस!"

"म्हणून माझं दार उघडं ठेवायचं? चुलीवरून उठवायचं? हॉलमध्ये उघडी होत होते मी सुयोग, आणि तू बघत होतास! माका इचारलंस तू? एक फोन केलास?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस!"

"मग नाही! नाही म्हणायचा हक्क नाही मला?"

गंधाली दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं याला, आधी आईंना विचार म्हणून."

"आणि मग कॅमेरा आपल्या फोनवर घेतलास," सुगंधा तिच्याकडे वळून म्हणाली. गंधालीची मान खाली गेली.

सुयोग पलंगावर बसला. त्याचा आवाज एकदम फाटला. "मी बाहेर उभा होतो आई. सुतार दार फोडत होता आणि आतून तुझा आवाज बंद झालेला. मला वाटलं, गेलीस. तुला काय माहीत मी कसा उभा होतो ते."

हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिचा हात त्याच्या डोक्याकडे जाऊ लागला, पण तिने तो आवरला.

"भीती तुझी आहे," ती म्हणाली. "खरी आहे, मला कळतं. पण ती माझ्या घरात आणून ठेवायची नाही. मला येऊन सांगायची. मी मेले नव्हते तेव्हा, आणि आजही नाही. माझी शेगडी कुठे आहे?"

शेगडी आणि सिलिंडर त्यांच्याच बाल्कनीत होते, जुन्या चादरीखाली. सुयोगने मुकाट्याने दोन्ही गाडीत घातलं. मुलुंडच्या वाटेवर एका हार्डवेअरच्या दुकानापाशी तिने गाडी थांबवायला लावली, आणि दुकानदाराला विचारून विचारून अडचणीच्या वेळी बाहेरूनही उघडता येईल असा बाथरूमच्या दाराचा खटका निवडला. "हा मी बसवणार," ती म्हणाली. "माझा मला पटला म्हणून. आणि घराची एक किल्ली रेवतीकडे राहील. तीही मीच देणार."

सुयोगने सिलिंडर वर चढवला. तिने रेग्युलेटर लावला, गळती नाही ना पाहिलं आणि आधण ठेवलं. चहा दोघांनाही केला, पण त्याच्यासमोर कप जरा आपटूनच ठेवला.

"अजून रागावली आहेस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "आणि लगेच जाणार नाही हा राग. रविवारी ये जेवायला. आधी फोन करून ये."