च्वांग डॉक्टरांच्या काउंटरवरचा हब

"ल्याओ मिस्त्री, आज एकदाचं काय ते सांगून टाका," धाकटे डॉक्टर म्हणाले. "बिघाड यंत्रात आहे की माणसात?"

"माणसाला ऐकू येतं," काउंटरवरून बीहोंगताई म्हणाली. मान वर केली नाही तिनं. कार्ड घेणं, पुड्या बांधणं चालूच होतं.

बीहोंगताई अठ्ठावन्न वर्षांची. हुवेई गावातल्या या दवाखान्यात काउंटरवर तिला एकतीस वर्षं झाली. थोरले डॉक्टर च्वांग गेल्या नववर्षाला निवृत्त झाले, ताइचुंग शहरातल्या मोठ्या इस्पितळातून त्यांचा मुलगा बोयान, म्हणजे हा धाकटा डॉक्टर, आला आणि त्यानं सगळं नवं केलं. मार्चमध्ये मीच बसवलं ते. आरोग्यकार्ड वाचायचं यंत्र, औषधांचा स्कॅनर, पुड्यांवरच्या चिठ्ठ्यांचा प्रिंटर, नंबर दाखवणारी पाटी, कीबोर्ड, माऊस. सहा वायरी एका सात भोकांच्या यूएसबी हबमध्ये, आणि हबची एकच वायर कम्प्युटरला. दिसायला छान दिसत होतं, नाही म्हणत नाही.

पण महिनाभरात तक्रार सुरू झाली. रोज सकाळी दहा वाजता कार्डाचं यंत्र मान टाकतं आणि साडेअकराला आपोआप शुद्धीवर येतं. कार्ड वाचल्याशिवाय पेशंट आत सोडता येत नाही, त्यामुळे रांग थेट रस्त्यावरच्या स्कूटरींपर्यंत. बोयान आतल्या खोलीत पेशंट तपासत असतो. बाहेर येऊन बघेपर्यंत बीहोंगताईनं काहीबाही करून दोन कार्डं वाचून घेतलेली असतात, आणि मग यंत्र चालू दिसतं. त्यानं निष्कर्ष काढला की बाईंना हे जमत नाही. एक तारखेपासून ताइचुंगची एक मुलगी येणार आणि बीहोंगताईनं घरी आराम करायचा, असं त्यानं सांगूनही टाकलं होतं. माझ्याकडून त्याला फक्त शिक्का हवा होता.

मी स्टूल ओढून काउंटरच्या आत बसलो. हबवर हिरव्या पुड्यातला खाऊ ठेवलेला होता, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. आमच्याकडची रीतच ती, आणि खाऊची तारीख उलटली की यंत्र रुसतं म्हणतात. मी तारीख पाहिली, उलटलेली नव्हती. एकेक वायर काढून पाहिली, सगळ्या ठणठणीत.

बरोबर दहाला जिन्यात सपाता वाजल्या. थोरले डॉक्टर खाली आले, अंगात स्वेटर, हातात झाकणाचा कप. कपात लाल खजुराचा चहा. त्यांना खाली यायला मुलानं एका अटीवर परवानगी दिली होती. दीड तास बसा, पेशंटना सल्ले देऊ नका, आणि एकदा जरी गडबड झाली तरी खाली येणं बंद.

"आलास का ल्याओ?" ते म्हणाले. "ढेकर थांबले?"

"बाबा!" आतून आवाज आला.

"मी फक्त ख्यालीखुशाली विचारली," ते म्हणाले आणि बीहोंगताईच्या कोपराजवळच्या एका छोट्या प्लेटवर त्यांनी तो कप ठेवला. कप गरम ठेवायची प्लेट होती ती. तिची वायर त्यांनी सवयीनं, न बघता, हबच्या सातव्या भोकात खोचली.

दोन श्वास गेले असतील. कार्डाच्या यंत्राचा दिवा विझला, नंबरची पाटी काळी झाली.

"परत?" खिडकीपाशी एक आजीबाई ओरडली. "माझं कार्ड गिळलं की काय मेल्यानं?"

मी बीहोंगताईकडे पाहिलं. तिनं 'नको' अशी मान हलवली, इतकी थोडी, की दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. तिला माहीत होतं! माझं डोकंच फिरलं. औषधांच्या कपाटामागे तिला बोलावून घेतलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून. रांग वाढली की प्लेटची वायर हळूच काढते, दोन कार्डं झाली की परत लावते."

"आणि गप्प बसलीस? नोकरी चाललीय तुझी, बाई!"

"हळू बोल. एसीचा वारा थेट माझ्या खांद्यावर येतो, चहा पाच मिनिटांत गार होतो. ते डॉक्टरांनी पाहिलं आणि प्लेट मागवली. रोज वर चहा करतात, माझ्यासाठी खाली आणतात. या दवाखान्यात आता तेवढंच काम त्यांचं. धाकट्यांना कळलं तर ते पण जाईल. मी घरी बसले तर माझा भाजीचा वाफा आहे, नात आहे. त्यांना वर कोण आहे? टीव्ही."

मला लाज वाटली, आणि तिच्यामुळे नाही. त्या हबला स्वतःचा अडॅप्टर येतो. तो भिंतीत लावला असता तर असल्या दोन प्लेटा चालल्या असत्या. मार्चमध्ये बोयान म्हणाला होता, समोर आणखी वायर नको, एकच सॉकेट शिल्लक आहे आणि तिथं माझं कॉफीचं यंत्र आहे. पुढे त्रास होईल हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि मान डोलावली. विजेचं सगळं ओझं एकट्या कम्प्युटरवर टाकून घरी गेलो.

मी बाहेर आलो. बोयान दारात उभा होता.

"यंत्र," मी म्हणालो. "माणूस नाही. अडॅप्टर लावला नाही आपण. चूक माझी, आणि तुमचीही."

"मग रोज दहालाच कसं बंद पडतं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. मी खोकलो.

तेवढ्यात थोरल्या डॉक्टरांनी प्लेटची वायर उपसली. यंत्राचा दिवा लागला. त्यांनी ती परत खोचली, दिवा विझला. पुन्हा काढली, लागला. चाळीस वर्षं रोग शोधलेला माणूस तो. तीनदा खात्री करून घेतली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

त्यांनी वायर नीट गुंडाळली, प्लेट उचलली आणि जिन्याकडे निघाले. कप तेवढा बीहोंगताईपाशी ठेवला.

"बसा हो," ती म्हणाली.

बोयान तिच्याकडे वळला. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर उद्या यांना खाली येऊ दिलं असतंत?"

बोयान मागच्या भिंतीपाशी गेला, कॉफीच्या यंत्राची पिन काढली आणि यंत्र उचलून जमिनीवर ठेवलं. "अडॅप्टर कुठाय?"

तो खालच्या खणात, खोक्यातच होता. मी लावला. बोयाननं वडिलांच्या हातातून प्लेट घेतली आणि स्वतः वायर खोचली. आम्ही सगळे, ती आजीबाई धरून, त्या दिव्याकडे बघत राहिलो. दिवा तसाच. पाटीवर चौदा.

"मग एक तारखेला मी येऊ की नको?" बीहोंगताईनं विचारलं.

"आठला या," बोयान म्हणाला. "नेहमीसारखं. त्या मुलीशी मी बोलतो." आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं टेबलावरचा आपला कॉफीचा कप उचलला. "गारढोण झालीय. जरा ठेवू का प्लेटवर?"

थोरले डॉक्टर आपल्या खुर्चीत बसत होते.

"एकच कप बसतो," ते म्हणाले. "आधी तिचा."