न खेळलेल्या खेळाची परीक्षणं

‘विद्युतवीर’च्या पहिल्या भागात उडत्या ट्रकचा पाठलाग नाही. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण तो काढून टाकला त्या दिवशी माझा मोठा भाऊ दीपेश जेवला नव्हता. ट्रक हवेत गेला की कॉम्प्युटर बंद पडायचा. आठ दिवस झगडून शेवटी त्याने तो प्रसंगच कापला. पण त्याच्या आधीच हा व्हिडिओ गेम बाजारात आणणाऱ्या अंधेरीच्या कंपनीने पत्रकारांना दोन पानी माहितीपत्रक पाठवलं होतं, आणि त्यात वडपे नाक्यावर उडणाऱ्या ट्रकचं रसभरित वर्णन होतं.

त्यामुळे आठवडाभरात छापून आलेली पाच परीक्षणं मी रविवारी खारबावच्या घरी ओटीवर मांडून वाचली, तेव्हा माझी चांगलीच करमणूक झाली.

“ट्रकचा पाठलाग श्वास रोखून धरायला लावतो,” असं एकाने लिहिलं होतं. चार तारे. दुसऱ्याच्या मते या पाठलागाने भारतीय व्हिडिओ गेमला नवी उंची दिली. त्याचेही चार. तिसऱ्याने साडेतीन दिले, अर्धा का कापला ते त्यालाच ठाऊक. कॉम्प्युटरच्या एका मासिकाने दीड तारा देऊन “पाठलाग कंटाळवाणा लांबला आहे” असा निकाल दिला. पाचवं परीक्षण मोठ्या इंग्रजी दैनिकातलं. तिथल्या विद्वानाने एकच तारा दिला होता आणि लिहिलं होतं की तिसऱ्यांदा ट्रकवरून पडल्यावर मी नाद सोडला.

नसलेल्या ट्रकवरून माणूस तीनदा पडू शकतो. मी फिजिक्सची पदवी घेतली, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पाचांची सरासरी दोन पूर्णांक आठ. कंपनीने दीपेशला आधीच सांगितलं होतं, सरासरी तीनच्या वर गेली तर पहिला भाग दुकानांत जाईल आणि उरलेले पाच भाग दर तीन महिन्यांनी काढू. तीनच्या खाली आली तर काहीच नाही. दीपेशने साडीच्या नक्ष्या काढायची नोकरी सोडून, कल्याण नाक्याजवळ दहा बाय बाराच्या खोलीत दोन मित्रांबरोबर यावर दोन वर्षं घातली होती. वर्ष 2007, दिवसातून पाच-सहा तास वीज नाही, आणि हे तिघे बनवत होते विजेवर चालणारा सुपरहिरो.

सोमवारी मी कामावर गेले. पूर्णा गावातल्या एका गोदामात माल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. अंधेरीच्या त्या कंपनीच्या सीड्याही आमच्याच गोदामात असत, पण इतक्या कंपन्यांची इतकी खोकी की सगळी मी पाहत नसे. त्या दिवशी परत आलेल्या मालाची मोजदाद होती. फुटलेले मिक्सर आणि भिजलेल्या वह्या यांच्यामध्ये एक खोकं होतं, सील न तोडलेलं. वर शिक्का: परीक्षणासाठी, विक्रीसाठी नाही. आत चाळीस सीड्या. विद्युतवीर, भाग पहिला.

मी हमालांच्या मुकादमाला, लडकूला, बोलावलं. वडप्याचा माणूस, पन्नाशीचा, मला नावाने कधीच हाक मारत नसे.

“हे इथं कुणी ठेवलं?”

“मीच.”

“हे बाहेर जायचं होतं. पत्रकारांना.”

“शिक्का बघा ना म्याडम. विकायचा न्हाय तो माल मागच्या खणात. तुमीच सांगितलाव.”

“मी फुटक्या मालाचं सांगितलं होतं.”

“तुमी बोललाव, विकायचा न्हाय तो. फुटका का धड, ते न्हाय बोललाव.” त्याने खोकं हलवून पाहिलं. “आनि तीन आठवडे कोनी ईचारला पन न्हाय. ज्याचा माल त्याला तरी घाई हाय का?”

त्याचं बरोबर होतं. चाळीस पत्रकारांपैकी एकानेही सीडी आली नाही म्हणून फोन केला नव्हता. पाच जणांनी तर तिच्यावाचूनच काम उरकलं होतं.

संध्याकाळी मी खोकं रिक्षात घालून दीपेशच्या खोलीवर गेले. मित्र निघून गेले होते. कात्रणं भिंतीला चिकटवलेली होती, एका ताऱ्याचंही. मी त्याला सगळं सांगितलं, चूक माझ्या नियमामुळे झाली हेही. मला वाटलं तो ओरडेल.

“म्हणजे चार तारेवाल्यांनी पण नाही बघितला,” तो म्हणाला.

“कुणीच नाही. सगळे भंपक. दादा, हे उघड केलं तर एक आणि दीड, दोन्ही रद्द होतात.”

“आणि चार, चार, साडेतीन?”

“तेही.”

“मग परत पाठवायच्या. खरंच खेळल्यावर किती देतील?”

“एकसुद्धा नाही. तुझा हिरो एका तारेला लटकून करंट घेतो. पाय जमिनीला टेकले नाहीत तर करंट जाणार कुठे? कावळे रोज बसतात तारेवर. त्यांच्यात कधी शक्ती आली?”

“हे तू मला वर्षभर ऐकवतेयस.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “क्षिते, तू खेळलीस का?”

त्याने दिलेली सीडी घरी कपाटात होती. तिचं वेष्टनही मी काढलं नव्हतं. त्याने खुर्ची सोडली आणि सील तोडलं.

मी अडीच तास खेळले. माझी मतं बदलली नाहीत, फक्त त्यांना आता पुरावा मिळाला. हिरो चालताना जमिनीपासून बोटभर वर राहतो. खलनायक गोदाममालक आहे आणि दर तीन वाक्यांनंतर तेच हसू हसतो. खाडीचं पाणी निळं आहे. आमची खाडी ज्याने एकदा पाहिलीय त्याने निळा रंग निवडावा, याला दीपेशच हवा.

मग आगीचा प्रसंग आला. विद्युतवीर खिडकीतून एका म्हातारीच्या घरात शिरतो. ती म्हणते, “चपला बाहेर.” आग विझवल्यावर ती त्याला सोडत नाही. वीज गेलीय, तिची पिठाची गिरणी बंद आहे, गावाचं दळण पडून आहे. “येवरी वीज हाय आंगात, धर ती तार.” बाहेर खलनायक ट्रक भरून पळतोय. त्याच्यामागे जायचं की तार धरून उभं राहायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं.

मी तार धरली. चार मिनिटं काहीच घडत नाही. गिरणी फिरते, तांदळाचं पीठ पडतं, म्हातारी शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. खलनायक निसटतो. शेवटी पडद्यावर ओळ येते, तुम्ही काय केलंत ते ती पुढच्या भागात विसरणार नाही.

मी मागे वळले. दीपेश माझ्या तोंडाकडे बघत होता.

“फोन लाव अंधेरीला,” मी म्हटलं. “खोकं उद्या सकाळी जाईल. उशीर माझ्यामुळे झाला असं लेखी देते.”

कंपनीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, अब किसको भेजना है? रिव्ह्यू तो आ गए.”

“पण कुणीही खेळलेलं नाही. जो ट्रक सगळ्यांनी लिहिलाय तो खेळात नाहीच.”

“कौन सा ट्रक?”

मी दीपेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ट्रकचं माहितीपत्रक त्यांच्याच कंपनीचं होतं, आणि तयार भाग हातात येऊनही त्यांना दीड महिना झाला होता; साहेबांनी दोन्ही पाहिलं नव्हतं.

“देखिए, टू पॉइंट एट है. फाइल बंद हो गई. बॉक्स वहीं स्क्रॅप कर दो, वापस मत भेजना.”

मी फोन ठेवला. खाली लूमचा खडखडाट चालू होता. मग दीपेशने भिंतीवरची कात्रणं काढली, चार ताऱ्यांची आधी, आणि टेबलावरच्या माहितीपत्रकाची कोरी बाजू वर करून पेन घेतलं.

“तुझे किती?”

“दीड.”

“कशाकशाचे कापलेस?”

मी बोटं मोजत सांगितलं. चालणं, हसणं, खाडी, तार, हिरोच्या अंगावरचा तो निऑन पट्टा, नकाशात खारबाव गाव नदीच्या चुकीच्या बाजूला. त्याने सतरा मुद्दे लिहून घेतले. एकावरही वाद घातला नाही, फक्त नदीपाशी म्हणाला, “अरे हां.”

“आणि दीड कशाचे दिलेस?”

“गिरणीचे. सगळे गिरणीचेच.” मग मला विचारावंच लागलं. “ती पुढे काय करते? ओळखते का त्याला?”

त्याने पेनाला टोपण लावलं.

“ते दुसऱ्या भागात होतं,” तो म्हणाला.