काट्यावरचं फोल्डर

बोरी अरबच्या एका जिनिंग मिलमध्ये कापसाचा सीझन ऐन भरात आला आणि नेमका तेव्हाच ऑफिसातला कॉम्प्युटर जळाला. व्होल्टेज वरखाली झालं, डब्यातून जळका वास आला आणि पडदा काळा पडला तो पडलाच. शेठनं यवतमाळहून नवा मागवला. बसवायला आलेला माणूस चहा पिऊन गेलासुद्धा. मग वर्षा राठोड खुर्ची ओढून बसली, रोजच्यासारखं काट्याचं फोल्डर उघडायला गेली आणि तिथंच गाडं अडलं.

गाड्या तोलायचा वजनकाटा फाटकापाशी होता. त्याला लागून असलेल्या खोलीत वामनराव त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसत. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन त्यांच्या कॉम्प्युटरात उतरे आणि एका फोल्डरात जाऊन पडे. पटांगणाच्या कडेनं गेलेल्या वायरीतून तेच फोल्डर ऑफिसात वर्षाला दिसे, आणि ती पावती काढे. इतक्या वर्षांत त्यात कधी खोट आली नव्हती. नवा कॉम्प्युटर मात्र म्हणत होता की असा कोणी शेजारी त्याच्या ओळखीचाच नाही.

वर्षानं यवतमाळच्या दुकानात फोन लावला. तिथल्या इंद्रजीतनं तिचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही.

"रिस्टार्ट करा, मॅडम."

"केला, भाऊ."

"दोन्ही केले?"

दुसरा पटांगणापलीकडे होता. वर्षा ओढणी नाकाला लावून उडत्या कापसातून काट्यावर गेली. वामनरावांनी आधी उभ्या गाडीचं वजन घेतलं, मग नाइलाजानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वर्षा परत आली. फोल्डर नाही.

"वायर पाहा, मॅडम."

वायर पाहिली, काढली, पुन्हा खोचली.

"मग नेटवर्क प्रायव्हेट करा. नवीन मशीन ते पब्लिक धरून बसते, अन् शेजारची मशीन दाखवत नाही."

हे मात्र लागू पडलं. वामनरावांच्या कॉम्प्युटरचं नाव पडद्यावर आलं. वर्षाचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या नावावर क्लिक केलं आणि इंग्रजीतली एक लांबलचक पाटी उघडली. खाली बटण होतं, तिनं ते दाबलं. पाटी गेली. पुन्हा क्लिक, पुन्हा पाटी, पुन्हा बटण. असं किती वेळा केलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

तोवर खिडकीपाशी पावतीसाठी गर्दी झाली होती. सगळ्यांत पुढे नेमसिंग, तिच्याच तांड्यावरचे. पहाटे निघून कापसाचा पिकअप घेऊन आले होते. आधी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत त्यांनी तिच्या आईची खुशाली विचारली आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत आवाज चढवला.

"वर्षाबाई, वजन झालं, गाडी खाली झाली, आता कायची वाट पाहून राह्यलो आम्ही?"

"काका, कॉम्प्युटर नवा आहे."

"नवा आहे त मंग लवकर चालाले पायजे!"

वर्षा पुन्हा पटांगण ओलांडून गेली, वामनरावांकडून वजनं कागदावर उतरवून आणली आणि हातानं पावत्या लिहायला बसली. मागून शेठची हाक आली, "काहून वं, एवढा महागाचा डब्बा आणून दिला, अन् तू हातानं लिहून राह्यली?" वर्षानं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तोंडातून काही भलतंच निघालं असतं.

दुपारी डबा न उघडताच तिनं इंद्रजीतला पुन्हा फोन केला.

"भाऊ, रिस्टार्ट म्हणू नका. थो शब्द काढला त मी हा कॉम्प्युटर काट्यावर ठेवून वजन करीन."

पलीकडे इंद्रजीत हसला. मग त्यानं सकाळीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "पाटीवर काय लिहिलंय, मॅडम?"

सकाळपासून ती पाटी वर्षानं नुसती बंद केली होती. वाचली एकदाही नव्हती. "थांबा, फोटो पाठवते," ती म्हणाली.

फोटो पोचला तसा इंद्रजीतचा सूर बदलला. "चूक माझी पण आहे, मॅडम. मी सकाळीच पाहायला पायजे होतं. तिकडच्या जुन्या मशीनले पासवर्ड आहे का?"

"नाही. वामनकाका ठेवत नाहीत."

"तेच त झालं. जुन्या मशीन एकमेकींकडे बिनधास्त जात होत्या, कोणी नाव विचारत नव्हतं. नवीन मशीन तशी जात नाही. जिथं नाव अन् पासवर्ड विचारत नाहीत, त्या फोल्डरात ती पायच ठेवत नाही. हे बंधन काढता येते, पण काढू नका. उद्या बाहेरून कोणी घुसलं त सारंच जाईल. तिकडे पासवर्ड टाका, झालं काम."

'झालं काम' म्हणायला त्याचं काय जात होतं! वर्षा काट्यावर गेली आणि पासवर्डचं नाव काढताच वामनराव खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"नाही. माह्या कॉम्प्युटरले कुलूप लागणार नाही."

"काका, त्याच्याशिवाय फोल्डर उघडत नाही."

"नाही उघडत त नको उघडू दे! मांगं एकानं असाच पासवर्ड टाकला अन् न सांगता निघून गेला. रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या होत्या, वर्षा. लोक माह्या आईवरून शिव्या देत होते. मी या खोलीत बसून काय करू? पडद्यावर नुसती रिकामी चौकट, अन् मी तिच्यासमोर. त्या दिवशी मी काट्याची नोकरी सोडून घरी चाललो होतो."

वर्षाला सकाळपासून त्यांचा राग येत होता. उठायला वेळ लावतात, सगळ्याला आधी नाही म्हणतात. आता तो राग ठेवायचा कुठं, हे तिला कळेना. ती बाहेर पायरीवर आली आणि तिनं इंद्रजीतला फोन करून विचारलं, काकांच्या नावाला हात न लावता काही होतं का?

होत होतं. त्याच कॉम्प्युटरवर दुसरं एक नाव तयार करायचं, पासवर्ड त्याला द्यायचा आणि फोल्डर त्या नावानं मोकळं करायचं.

"काका, तुमचं तसंच राहील. कुलूप फक्त माझ्या नावाला."

वामनरावांनी बराच विचार केला. "पण माह्यासमोर कर," ते म्हणाले.

तिनं त्यांच्यासमोरच केलं. नाव दिलं 'ऑफिस'. परत येऊन नव्या कॉम्प्युटरवर ते नाव आणि पासवर्ड टाकला, आणि फोल्डर असं उघडलं जसं कधी अडलंच नव्हतं. सकाळची सगळी वजनं ओळीनं समोर आली. वर्षानं टेबलावर डोकं टेकलं. मग उठून गार झालेला डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी फाटकातून शिरताच तिला गाड्यांची रांग दिसली. काटा बंद होता. वामनराव खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते, डोळे लाल.

"लावलंस ना कुलूप? माणसाच्या तोंडावर एक बोलाचं अन् मांगं दुसरंच कराचं?"

"काका, मी कशाला लावू?"

"मंग चाल, पाह्य!"

आत पडद्यावर दोन चित्रं होती. एक मांजर, खाली वामनरावांचं नाव. दुसरं पिवळं फूल, खाली 'ऑफिस'. पूर्वी एकच नाव होतं म्हणून कॉम्प्युटर थेट सुरू व्हायचा; आता दोन झाल्यामुळे कोण बसलंय ते विचारत होता. वामनरावांनी फुलावर क्लिक केलं. पासवर्डची रिकामी चौकट आली.

"हे पाह्य!"

"काका, पण तुम्ही फुलावर काहून दाबता? तुमचं नाव मांजरीखाली आहे."

"मी रोज या खोलीत, माह्या ऑफिसात येऊन बसतो. मंग ऑफिस नाही दाबणार त काय दाबू? अन् मांजर कायले माह्यी? घरी म्हैस आहे माह्याकडे."

वर्षाला रडावं की हसावं कळेना. तिनं मांजरीवर क्लिक केलं. काही न विचारता सगळं उघडलं. वामनराव वाकून पाहत राहिले. मग स्वतःच कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, मांजरीवर दाबलं. उघडलं. आणखी एकदा केलं. बाहेर हॉर्न वाजत होते, त्यांनी लक्ष दिलं नाही. वर्षाही थांबली.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "पण थे ऑफिस काढ."

तिनं फुलाखाली दिसणारं नाव बदलून 'वर्षा' केलं. फोल्डर त्यानं बिघडलं नाही, हे पाहायला मात्र तिला पुन्हा पटांगण ओलांडावं लागलं. पहिलं वजन आलं तेव्हा तिनं पावती काढली, खिडकीतून हात बाहेर केला. पाठोपाठ काट्यावरून वामनरावांचा फोन आला.

"वर्षा, येत असशील त म्हशीचा फोटो आणला आहे मोबाइलमंधी. थो मांजरीच्या जागी बसते का?"

"येते, काका," ती म्हणाली आणि ओढणी नाकाला लावली.