वीसपैकी सतरा

मी एक जुना लोकरीचा मोजा आहे, मित्रांनो, आणि माझ्यात कुणाचा पाय गेला त्याला आता सोळा-सतरा वर्षं झाली. हसू नका. पाय नाही गेला, पण बाटल्या गेल्या, शेकड्यांनी गेल्या. काझाल दा फोंत गावात मला जेवढा मान होता तेवढा सरपंचालाही नव्हता. तो मान माझ्याच माणसानं मातीत घातला. राग अजून गेलेला नाही, म्हणून तुम्हांला सांगायला बसलोय.

मला देओलिंदाताईंनी विणलं, डोंगरावरच्या मेंढीच्या जाड करड्या लोकरीतून, धाकट्या भावासाठी. भावाचं नाव अडेलिनो. तो पोस्टमन होता आणि थंडीत मोटारसायकलवरून टपाल वाटायचा. आम्ही अर्थातच दोघं होतो. माझा जोडीदार शेगडीशी वाळत घातलेला असताना जळाला आणि मी उरलो. एकट्या मोज्याचं घरात काय होतं ते तुम्हांला माहीत आहे. मी चार वर्षं खणात दोऱ्या आणि मेणबत्त्यांच्या खाली पडून काढली.

मग अडेलिनो निवृत्त झाला. लोक निवृत्त झाल्यावर कुत्रा पाळतात, यानं लाल वाइनचा नाद धरला. शिक्षण शून्य, हौस मात्र अशी की विचारू नका. चार युरोंच्या वरची बाटली घ्यायची नाही हा त्याचा नेम. म्हणायचा, "महाग असेल ती चांगली असणारच, त्यात कसली अक्कल? स्वस्तातली चांगली शोधून दाखवा!" शाळेत देतात तसे वीसपैकी गुण द्यायचा. दहाच्या खाली गेली की नापास. चाखल्यावर वहीत लिहायचा, 'ओल्या चपलेचा वास, सात.' किंवा, 'आत्याच्या कपाटासारखी, पण शेवटी गोड, चौदा.'

पण एक खोड होती. आधी बाटलीवरचा कागद वाचायचा आणि मग जीभ त्या कागदामागे जायची. कागदावर किल्ला दिसला की पंधरा, कोंबडा दिसला की नऊ. एकदा ताई वैतागल्या.

"अरे, तू डोळ्यांनी पितोस!" म्हणाल्या. त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढलं आणि एका बाटलीवर चढवलं. बाटलीचं बूड माझ्या पंजात, मान तेवढी बाहेर. "आता सांग बघू कोंबडा की किल्ला."

त्या दिवशी कोंबड्याला सोळा मिळाले आणि अडेलिनो अर्धा तास पोट धरून हसला.

तेव्हापासून नियम ठरला. आधी गुण, मग मोजा काढायचा. ताई स्वयंपाकघरात बाटल्यांची बुचं काढायच्या आणि एकेक बाटली माझ्यात घालून अंगणात आणायच्या. त्या स्वतः घेत नसत, पोटाला सोसत नसे. अडेलिनो हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा, मोठ्यानं गुण सांगायचा आणि वहीत लिहायचा. त्यानंतरच मला उतरवायचं. दर शनिवारी दुपारी गावातली सात-आठ माणसं मक्याची भाकरी आणि चीज घेऊन जमायची. गुणांची यादी कॅफेच्या दारावर लागायची आणि वाणी ती बघून माल मागवायचा. कुणी कुरकुरलं तर लोक म्हणायचे, "मोज्यातून निघालंय ते, त्यावर बोलायचं नाही." मित्रांनो, मी फुगून जायचो. खोटं कशाला बोलू?

आता बेल्मीरोबद्दल सांगतो. तो अडेलिनोचा पहिलीपासूनचा मित्र. चर्चच्या मागच्या उतारावर त्याचा द्राक्षमळा आहे आणि वाइन तो स्वतः करतो, घरापुरती. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं. वासच येईना, आणि वास गेला तशी चवही गेली. "भाजलेला कांदा काय नि ओला पुठ्ठा काय, मला सारखंच," असं हसून सांगायचा. हसायचा खरा, पण वाइन करणाऱ्या माणसाचं नाक जाणं म्हणजे काय, ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाच्या सकाळी, तो आपल्या नव्या वाइनची बाटली घेऊन आला. त्या दिवशी आमच्याकडे चेस्टनट भाजतात आणि वर्षाची वाइन पहिल्यांदा चाखतात.

"हे बघ," तो अडेलिनोला म्हणाला, "एप्रिलमध्ये इरियाचं लग्न. नात एकच आहे मला. दोनशे माणूस येणार आणि वाइन माझ्या मोठ्या पिंपातली जाणार. पिंप जुनं आहे, मला त्याची धास्ती वाटते. बिघडायला लागली असेल तर आत्ताच कळलं पाहिजे. लगेच दुसऱ्या पिंपात काढतो, औषध घालतो, वाचते. महिन्याभरानं कळून उपयोग नाही. आता माझं नाक तूच. भीड धरू नकोस, मोज्यात घाल आणि सांग."

"घालतो की," अडेलिनो म्हणाला.

त्या दुपारी तीन बाटल्या होत्या. पहिली झाली. ताई मला दुसरीवर चढवत होत्या आणि अडेलिनो मीठ हवंय असं सांगून स्वयंपाकघरात आला.

"ताई, बेल्मीरोची कितवी?"

"का रे? नियम कुणाचा?"

"सांग ना ग."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हीच," त्या हळूच म्हणाल्या.

बस्स. बारा वर्षांत एकदाही जे झालं नव्हतं ते झालं. बाटलीवर मी अंगभर पांघरलेला आणि आतलं सगळं त्याला ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मोज्याला कुठे तोंड आहे?

अंगणात त्यानं पेल्यात ओतली. एक थेंब मानेवरून घरंगळून माझ्यावर आला. नखांना लावायच्या रंगासारखा वास होता, अगदी पुसट, बिघडायला लागलेल्या वाइनला येतो तो. चेस्टनटच्या धुरात बाकी कुणाला काही कळलं नाही. पण मला, मोज्याला, कळलं, तर बारा वर्षं हुंगणाऱ्याला कळणार नाही? कळलं. त्यानं पेला नाकापासून जरा लांब धरला आणि समोर बघितलं. बेल्मीरो टोपी हातात घेऊन उभा होता, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

"सतरा," अडेलिनो म्हणाला.

बेल्मीरोनं त्याला उचलूनच घेतलं. "सतरा! लेका, किल्लेवाल्यांना सुद्धा कधी सतरा दिलेत का रे?" डोळे पुसत त्यानं मलाही थोपटलं. ते थोपटणं मला अजून बोचतं.

पुढचे पाच महिने अडेलिनोला बोलायला रोज सवड होती. तो बेल्मीरोबरोबर पत्ते खेळला, त्याच्या घरी जेवला, पण बोलला नाही. एकदा ताईंनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "सुधारते ग कधी कधी आपोआप." अशी वाइन आपोआप सुधारत नाही, हे त्यानंच वहीत तीनदा लिहिलेलं आहे.

लग्नाला मलाही नेलं. बेल्मीरोची हौस! पहिली बाटली माझ्यात घालून तो स्वतः टेबलाटेबलांवरून वाढत निघाला. "मोज्यातून सतरा मिळालेत हिला, मोज्यातून!" सगळ्यांनी पेले उचलले आणि पहिल्याच घोटाला अख्ख्या मांडवाची तोंडं वाकडी झाली. नवऱ्यामुलाचा काका जोरात म्हणाला, "अहो आजोबा, ही प्यायची आहे की व्हिनेगर म्हणून कोशिंबिरीवर घालायची?" लोक हसले.

बेल्मीरोला आधी कळलंच नाही. तोही हसत होता. मग इरियानं पेला खाली ठेवला आणि आजोबांचा हात धरला, तेव्हा कळलं. त्यानं वळून अडेलिनोकडे बघितलं. अडेलिनो ताटातला बटाटा कापत होता. एकच बटाटा किती वेळ कापायचा?

पुढच्या शनिवारी बेल्मीरो आमच्या अंगणात आला. लग्नापासून मी त्याच्याकडेच होतो. त्यानं येतानाच मला एका बाटलीवर चढवून आणलं होतं. नेहमीची मंडळी बसलेली होती. कुणाशी न बोलता त्यानं पेला भरला आणि अडेलिनोपुढे ठेवला.

"चाख."

"बेल्मीरो, ऐक माझं..."

"आधी गुण."

अडेलिनोनं हुंगलं, घोट घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. आज खरं बोलायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं असणार. चांगली गोष्ट आहे. पण माझ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

"खरं सांगतो," तो म्हणाला. "आंबलीय. पिंपाचा वास येतोय. तेव्हाही येत होता. सहा. मला माफ कर, गड्या. सहा."

बेल्मीरोनं मला ओढून काढलं.

बाटली दुकानातली होती. कोंबडा नाही, किल्ला नाही, साधा पांढरा कागद. गेल्या वर्षी अडेलिनोनं स्वतः तिला अठरा दिले होते. तेवढे गुण त्यानं कुणालाच दिले नव्हते.

"नाक माझं गेलंय," बेल्मीरो म्हणाला. "तुझं कधी गेलं?"

"मला वाटलं, तुझीच..."

"तेच म्हणतोय. पेल्यात काय आहे ते तू बघतच नाहीस. तेव्हा माझं तोंड बघून सतरा दिलेस, आज माझं तोंड बघून सहा. वाइन दोन्ही वेळा बाजूलाच राहिली. मी तुझ्याकडे माया मागायला आलो नव्हतो रे. माया माझ्या घरात भरपूर आहे. मला नाक हवं होतं."

त्यानं मला टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि तो गेला. त्यानंतर तो आमच्या अंगणात आलेला नाही. कॅफेच्या दारावरची यादी कुणी काढली नाही, पण ती आता कुणी वाचतही नाही. शनिवारी कुणी येत नाही. हल्ली मी मागच्या नळावर गुंडाळलेला असतो, हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून. मला भोकं पडली आहेत.

मित्रांनो, तुम्ही मला रफू करा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगतो. कधीतरी एखादा माणूस तुमच्यापुढे उभा राहील आणि म्हणेल, मला दिसत नाही, ऐकू येत नाही, वास येत नाही, तू सांग. त्याच्या तोंडाकडे बघू नका. जे आहे ते सांगा, आणि वेळेवर सांगा. मोठ्या पिंपात तीनशे लिटर वाइन होती. बेल्मीरोनं ती एकट्यानं, बादली बादली करून, आपल्याच मळ्यात ओतली.