मनुबाईचा बिघडलेला टीव्ही

ठाण्याच्या खाडीला लागून कोळ्यांची जी आळी आहे, तिथे चौऱ्याऐंशी साली टीव्ही एकच होता आणि तो मनुबाईचा होता. ही गोष्ट कोणी विसरू नये याची काळजी मनुबाई स्वतः घ्यायची. लाकडी दारांचा काळापांढरा टीव्ही, त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. नवरा गोमाजी म्हणायचा, एवढं देवाला सजवलं असतंस तर तो एव्हाना पावला असता.

बुधवारी संध्याकाळी कुरडेगावची मालिका लागायची आणि सगळी आळी तिच्या घरात मावायची. कुरडेगाव म्हणजे मालिकेतलं एक छोटंसं गाव. तिथे थापाड्या पोस्टमास्तर होता, शिरपती टांगेवाला होता आणि चहाच्या दुकानातले आप्पा होते. दर आठवड्याला कोणीतरी खोटं बोलून गोत्यात यायचं आणि शेवटी तोंड लपवत आप्पांच्या दुकानात शिरायचं. आप्पा काही विचारायचे नाहीत. बाकावर सरकून जागा करायचे आणि चहाचा कप पुढे ठेवायचे. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची, आणि मनुबाई पंख्याचं बटण दाबत मालकिणीच्या थाटात फिरायची.

इथवर सगळं छान होतं. दुखणं होतं ते गुरुवार सकाळचं.

गुरुवारी सकाळी बायका अंगणात कोळंबी सोलायला बसायच्या, आणि शेजारची सगुणा कालची मालिका सांगायची. आदल्या दिवशी उंबऱ्यात अंग चोरून बसलेली ही बाई सकाळी नुसती बहरायची. पोस्टमास्तरची चाल, घोड्याचं फुरफुरणं, आप्पांचं मान हलवणं, सगळं ती बसल्या जागी करायची, आणि हात कोळंबीवरून हटायचा नाही. ज्यांनी मालिका पाहिली होती त्याही बायका पुन्हा ऐकायला यायच्या. मनुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. टीव्ही आपला, वीज आपली, सतरंजी आपली, आणि वाहवा हिची. एकदा तिने स्वतः सांगून पाहिलं. शेवट आधी सांगून टाकला आणि मग सुरुवात आठवेना. कोणी हसलं नाही, उलट एकीने जांभई दिली. ती जांभई मनुबाईच्या काळजात रुतून बसली होती.

मग एका गुरुवारी म्हाताऱ्या आवडाबाईने कहर केला. डोळ्यांनी अधू झालेल्या आवडाबाईला मनुबाई दर बुधवारी हाताला धरून आणायची आणि अगदी पुढे बसवायची. तीच म्हणाली, "त्या डब्यान मना काय दिसत नाय गो. सगुनाच्या तोंडून मातर घोरा पन दिसतो."

मनुबाई त्या दिवशी जेवली नाही. सगुणा हसली तरी तिला खुपायचं आणि गप्प बसली तरी खुपायचं. आठवडाभर मनात एकच घोळत होतं: ही माझ्या घरात येते, माझं खाऊन जाते आणि स्वतःच्या नावाने वाढते.

त्या आठवड्यात मालिका मोठ्या नाजूक ठिकाणी थांबली होती. कुरडेगावात रिक्षा आली, लोक टांग्यात बसेनात, म्हणून शिरपती रागाने घोडा घेऊन गाव सोडून गेला होता. तो परत येतो की नाही, याची सगळ्या आळीला रुखरुख लागलेली. बुधवारी बायका पोराबाळांसकट आल्या, तेव्हा मनुबाई दारात आडवी उभी.

"डबा बिगारला गो. नुसत्या मुंग्या दिसतान."

बायका हळहळत परतल्या. सगुणा तेवढी थांबली. "रिपेरवाल्याला सांगू का?" तिने विचारलं. मनुबाईने "नको" म्हणून दार लावलं.

गोमाजी खाडीवर गेला होता. मनुबाईने खिडकीवर गोधडी टाकली, टीव्हीचं एकच दार उघडलं आणि आवाज एवढा बारीक केला की कान लावला तर चित्र दिसेना आणि चित्र पाहिलं तर आवाज येईना. पोस्टमास्तर धडपडला, आणि हसू आलं तसा तिने पदर तोंडात कोंबला. आजवर ती या माणसाला एकटीने कधी हसली नव्हती. मग शेवट आला, आणि तो असा आला की मनुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. कोणाला तरी सांगावं म्हणून ती सवयीने वळली. मागे रिकामी सतरंजी.

आणि तेव्हा कुठे बाईच्या लक्षात आलं की आळीत हा भाग पाहिलेली ती एकटीच होती, आणि तो सांगायची सोय मात्र तिने स्वतःच्या हाताने बंद करून टाकली होती.

सकाळी ती कोळंबी सोलायला बसली ती ओठ घट्ट मिटूनच. आवडाबाई हळहळली, "काल काय झाला आसंल गो त्या शिरपतीचा?"

"मी सांगू?" सगुणा म्हणाली. "मना वाटतं तो परत आला आसंल."

आणि तिने सुरू केलं. बाजाराच्या दिवशी रिक्षा नदीच्या वाळूत रुतते. पोस्टमास्तर ढकलतो आणि तोंडावर पडतो. तेवढ्यात घुंगरं वाजतात. शिरपती टांगा घेऊन आलेला, आणि त्याचा घोडा रिक्षा ओढून काढतो. सगुणाने घोड्यासारखी मान झटकली आणि बायका लोटपोट झाल्या. न पाहिलेल्या भागावर हशा! मनुबाईचा नुसता जळफळाट झाला. हिला टीव्हीसुद्धा लागत नाही म्हणजे काय? आपण काल एकटीने रडलो ते खरं, आणि इथे खोट्यावर टाळ्या.

"आनि मंग शिरपती गावाला मिठी मारतो," सगुणा म्हणाली.

"तो येतच नाय!" मनुबाई ओरडली. "घोरा येतो. एकटाच येतो घोरा, नि आप्पांच्या दुकानासमोर उबा रातो."

कोळंबीच्या साली टोपलीत पडायच्या थांबल्या. आवडाबाईने आपले अधू डोळे बरोबर तिच्यावर रोखले. आळीतली सगळ्यांत तिखट जिभेची मालन तोंड उघडणार, एवढ्यात सगुणा पाटावर बाजूला सरकली. अर्धा पाट मोकळा झाला.

"ये, आंगं पाटावर बस," ती म्हणाली. "नि सुरवातीपासून सांग. घोरा एकटा कसा आला?"

मनुबाई त्या पाटावर बसली. सांगताना ती दोनदा चुकली, पण सगुणा मध्ये बोलली नाही. लगाम जमिनीवर फरपटत आलेला घोडा, आणि आप्पांनी कपाऐवजी त्याच्यापुढे ठेवलेली पाण्याची बादली, इथवर येईपर्यंत मनुबाईचा आवाज मोकळा झाला होता. आवडाबाई पदराने डोळे पुसत होती. जांभई कोणी दिली नाही. टीव्ही कधी दुरुस्त झाला, हेही कोणी विचारलं नाही.

हवं होतं ते मनुबाईला मिळालं होतं. तरी आत काहीतरी सलतच होतं. शेजारी सरकलेल्या सगुणाकडे तिने पाहिलं आणि तिला ते बाकावर सरकणारे आप्पा दिसले. टीव्ही आपल्या घरात, मालिका दर बुधवारी आपल्या डोळ्यांसमोर, आणि शिकली कोण तर उंबऱ्यात बसणारी ही. याचाही मनुबाईला हेवा वाटला, आणि हा हेवा आधीच्या सगळ्यांपेक्षा खोल गेला.

"बुधवारी ये," ती खाली बघत म्हणाली. "उंबऱ्यान नको बसू. फुरं बस, म्हातारीच्या बाजूला."

"येईन," सगुणा म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली. मनुबाईने पाहिलं, एवढं सगळं होऊनसुद्धा बयेचा सोललेल्या कोळंबीचा ढीग तिच्या दुप्पट झाला होता.