बुटाच्या नाडीतली किल्ली

मी एक जुनी किल्ली आहे. आम्ही दोघी बहिणी एकाच कुलपाबरोबर जन्मलो. एका कंपाउंडरने लग्नानंतर आम्हाला घरी आणले. थोरली त्याच्या जुडग्यात गेली, मी त्याच्या बायकोच्या पर्समध्ये. थोरलीला तसे काही कामच नसे. तो दवाखान्यातून परतला की पावलांवरून ओळखून बायको आतून दार उघडायची.

मित्रांनो, मग ती आजारी पडली आणि गेली. पर्स कपाटात गेली आणि पर्सबरोबर मीही. त्या अंधारात मला फार एकटे वाटे.

थंडी सुरू झाली तेव्हा त्याने मला बाहेर काढले. सकाळी सवयीने दोन कप चहा व्हायचा आणि एक ओतून द्यावा लागायचा. ते टाळायला त्याने पहाटे धावायचे ठरवले आणि पहिल्यावहिल्या मॅरेथॉनला नावही दिले. जुडगा खिशात खुळखुळतो, म्हणून त्याने मला बुटाच्या नाडीत ओवले. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात. मी तर वहाणेवर चढून बसले!

सगळा हिवाळा आम्ही दोघेच धावलो. धुके, ओले रस्ते, बंद दुकाने. परत आल्यावर तो वाकून मला सोडवायचा, कुलूप काढायचा आणि रिकाम्या घरात म्हणायचा, "आलो बरं का." उत्तर कुठून येणार? मला फार वाईट वाटे.

शर्यतीआधीच्या सर्वांत लांब सरावात त्याचे पाय सुजले. पुलाच्या पायरीवर बसून त्याने नाडी सोडून सैल केली आणि मी तिच्यात आहे हेच विसरला. मी पायरीवर घरंगळले. घरी पोचल्यावर त्याच्या ते ध्यानात आले, आणि थोरली तर जुडग्यासकट आतच होती.

नंतर ताईंच्याच तोंडून मी ऐकले, की तेव्हा शेजारच्या ताई दारातच होत्या. म्हणाल्या, "भाऊ, कुलूपवाल्याला बोलवा की. चुटकीसरशी उघडेल."

"कुलूप उघडेल हो, ताई. पण ती किल्ली हिची आहे."

तो लंगडत पुलापर्यंत परत आला. मला पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. मला मुठीत धरून तो तिथेच बसला आणि रडला.

शर्यतीच्या सकाळी ताईंनी हात पुढे केला. "आज ती माझ्याकडे असू द्या."

त्याने मला द्यावे की नाही, याचा बराच विचार केला. शेवटी दिले. मला रागच आला. हिवाळाभर पायाशी राहिले आणि ऐन शर्यतीला ताईंच्या खिडकीत पडून! उन्हे वर आली तशी काळजीही वाटू लागली. वाटेत बसला असेल का? पोचेल ना?

दुपारी ताईंनी मला उचलले, त्याचे कुलूप काढले, पाणी तापत ठेवले आणि दार सताड उघडे ठेवले.

गळ्यात पदक घालून तो जिना चढला. दारापाशी येऊन सवयीने नाडी सोडायला वाकला. मग त्याने वर पाहिले.

"आलो बरं का," तो हळूच म्हणाला.

"या," आतून आवाज आला. "पाणी तापलंय."

मित्रांनो, किल्ल्या जपा, पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या शेजारी कोणी रोज स्वतःच कुलूप काढून घरात शिरत असेल, तर एखाद्या दिवशी त्याच्याआधी जाऊन दार उघडून ठेवा. त्या दिवशी आम्हाला काम नसले तरी चालेल.