भिंतीतले गोचीड

पोळ्याला अजून पंधरा दिवस असतील. भर दुपारी गायीच्या अंगावर गोचिडांचं औषध मारता मारता सिंधूताई गोठ्यातच पडल्या.

औषध नेहमीचंच, जहाल. यजमान आनंदराव होते तेव्हा तेच मारायचे. तोंडाला दुपट्टा बांधून, वारा कुठून येतो ते बघून. खापरखेड्याच्या पावरहाउसमधून रिटायर झाल्यावर त्यांनी गावात दोन खोल्या बांधल्या, हौसेनं गाय आणली, आणि चार वर्षांपूर्वी काविळीनं गेले. गाय मागे राहिली. राखेच्या रंगाची, म्हणून नाव राखी. तिच्या कानांत, कासेजवळ, शेपटीखाली गोचीड नुसते लगडले होते. सिंधूताईंनी पंप घेतला, वारा फिरला, आणि फवारा तोंडावर आला. डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय कधी गेले ते कळलं नाही.

शुद्ध होती, पण उठता येत नव्हतं. जीभ जड झाली होती.

"कोणी हाये का?" त्यांनी हाक मारली. मग पुन्हा, "कोणी हाये का वं?"

मधल्या भिंतीपलीकडे भांडं वाजलं. मग तेही थांबलं. पलीकडे त्यांची थोरली जाऊ राहत होती, मीराबाई; तीही नवऱ्यामागे एकटीच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, गोठे पाठीला पाठ लावून, मध्ये एकच विटांची भिंत. पण भिंतीपलीकडून कोणी आलं नाही.

आला तो नागसेन, पावरहाउसमधला ऑपरेटर. रोज संध्याकाळी दूध न्यायला यायचा, त्या दिवशी लवकर आला. त्यानं त्यांना उचलून गाडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. संध्याकाळी घरी आणून सोडलं.

मुलाचा, प्रीतमचा, हैदराबादहून फोन आला. "आई, इकून टाक ना ती गाय. इकडं ये आमच्याकडं."

"येऊन काय करू बापू? तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर."

"बरं, जेवण करून घे," प्रीतम म्हणाला, आणि फोन ठेवला.

सिंधूताईंनी जेवण केलं नाही. पलंगावर पडल्या पडल्या त्या एकच गोष्ट घोळवत राहिल्या. भांडं वाजलं होतं. म्हणजे ती घरात होती. म्हणजे तिनं ऐकलं होतं.

तसं दोघींचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. आनंदराव गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळी भावकी बसलेली असताना मीराबाई म्हणाल्या होत्या, "हिनं त्याले टायमावर नागपूरले नेलं असतं तर वाचला असता." बस्स, एवढंच. आधी गावातल्या वैद्याचं औषध केलं होतं, हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते सिंधूताईंच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवसापासून भिंतीच्या या बाजूनं त्या बाजूला शब्द गेला नाही.

चार दिवसांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रीना गायीला बघायला आल्या. तिशीतली बाई, स्कूटीवर, डोक्याला स्कार्फ. गोचीड बघून त्यांनी आधी सिंधूताईंनाच दम भरला. "काकू, ते औषध आता हातात धरायचं नाही. आणि खरं सांगू का, तेच तेच मारून गोचिडांनाही त्याची सवय झाली आहे. तुम्ही पडलात, ते नाही पडले."

सिंधूताईंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"मग काय करू?"

डॉक्टरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. गोचीड गायीवर दिसतात तेवढेच नसतात, म्हणाल्या. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी खाली गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते, तिथे अंडी घालते. खरं घर तिथं आहे. म्हणून अंगाला एक आणि भिंतीला दुसरा, असे दोन उपाय करायचे. निंबोळी आणि सीताफळाच्या पानांचा अर्क गायीच्या अंगाला, डोळे सांभाळून. त्या वासानं नवे गोचीड चढायला कचरतात. आणि भिंतीच्या फटींत मित्रबुरशी. त्यांनी पिशवीतून एक पुडा काढला. आत हिरवट भुकटी होती.

"बुरशी? अन् ते गायीले बाधलं तर?"

"गायीला नाही बाधत. गोचिडाच्या अंगावर बसते, कातडीतून आत शिरते, आतून त्याला खाते. पण वेळ लागतो काकू. विषासारखं आज मारलं, आज मेलं, असं नाही. ऊन लागलं तर बुरशीच मरते, म्हणून संध्याकाळी मारायची. भिंत आधी ओली करायची. आणि दोन्ही एकत्र कालवू नका. निंबोळीनं बुरशीही दबते."

सिंधूताई कामाला लागल्या. सकाळी सीताफळाची पानं खुडून आणायची, ठेचायची, भिजवायची, गाळायची. संध्याकाळी भिंतीवर पाणी शिंपडून फटीफटीत बुरशीचं पाणी मारायचं. हात हिरवे व्हायचे, घरभर कडू वास यायचा. डॉक्टर दर मंगळवारी येत. मंगळवारी सिंधूताई नीट लुगडं नेसू लागल्या. चहाचं आधण आधीच चढवून ठेवू लागल्या. राखी कशी आहे ते सांगून झालं की आणखी काही सांगायचं शोधू लागल्या.

तिसऱ्या मंगळवारी डॉक्टर फटीपुढे वाकल्या आणि आनंदानं ओरडल्याच. "काकू, हे बघा!"

मेलेला गोचीड होता. त्याच्यावर कापसासारखं पांढरं आलं होतं आणि त्या पांढऱ्यावर हिरवी छटा धरली होती. पलीकडे आणखी एक. राखीचे कान जवळजवळ साफ झाले होते.

"आता लवकरच सुटका होईल तुमची," डॉक्टर म्हणाल्या.

सिंधूताईंनी मान डोलावली. हे संपलं की ही बाई कशाला येईल? स्कूटी वळून दिसेनाशी झाली तेव्हा क्षणभर त्यांच्या मनात आलं, इतक्यात संपू नये हे. मग त्यांचीच त्यांना लाज वाटली. राखीच्या मानेवरून हात फिरवत त्या अंधार पडेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

गोचीड संपले नाहीत. पुढच्याच आठवड्यात राखीच्या उजव्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, पुन्हा बारीक बारीक पिल्लं चढलेली दिसली. डॉक्टरांनी बॅटरी लावून भिंत तपासली. विटांमधलं सिमेंट झडलं होतं. काही फटी आरपार होत्या.

"पलीकडे कोणाची जनावरं आहेत?"

"माह्या जावेची. एक गाय हाये."

"मग तिकडेही मारावं लागेल. नाहीतर तुम्ही इकडून मारत राहाल आणि ते तिकडून येत राहतील. मी बोलू का त्यांच्याशी?"

सिंधूताईंनी भिंतीच्या फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नको. मीच जाते."

जायला दोन दिवस लागले. दोनदा फाटकापर्यंत जाऊन त्या परतल्या. तिसऱ्यांदा कडी वाजवली. मीराबाईंनी दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते, डोळ्याला जाड चष्मा. भिंत एवढी जवळ होती, पण जावेचं तोंड त्यांनी इतक्या जवळून चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"गोचीड तुह्या कोठ्यातून येऊन राहिले, बाई," सिंधूताई एका दमात म्हणाल्या. "औषध आणलं हाये. मारू दे."

मीराबाई बाजूला झाल्या. या म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

त्यांची तांबडी गाय हाडांवर आली होती. गोचिडांनी तिची रया घालवली होती. मीराबाईंनी दावं धरलं, सिंधूताईंनी अर्क चोळला. मग भिंत ओली करून फटींत बुरशी मारायला घेतली. अर्धी भिंत झाली तेव्हा सिंधूताईंना राहवलं नाही.

"मी पडली त्या दिवशी तू घरी होती."

"होती."

"आवाज आला होता?"

"आला."

पंप हातातच राहिला. "मंग काहून नाही आली?"

मीराबाई दावं हाताला गुंडाळत होत्या. "तू 'कोणी हाये का' म्हणत होती. माह्यं नाव नाही घेतलं. मले वाटलं, मी गेली तर तू तोंड फिरवशील." त्यांनी दाव्याचा आणखी एक वेढा घेतला. "नागसेनले फोन केला मग. म्हटलं, लवकर जा गा, सिंधू पडली."

त्या दिवशी जमिनीवर पडल्या पडल्या जावेचं नाव सिंधूताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं होतं. हे सांगावंसं वाटलं, पण सांगता आलं नाही.

"त्याले नागपूरले लवकर न्यायले पाहिजे होतं," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "मले कळते ते."

"मीही चार लोकांत बोलायले नको होतं," मीराबाई म्हणाल्या. "माहा दीर होता तो. लहानपणी मीच जेवू घातलेला."

दोघी रडल्या नाहीत. उरलेली भिंत सिंधूताईंनी पूर्ण केली. मीराबाईंनी चहा टाकला. त्यात साखर जास्त झाली होती. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी सिंधूताई पलीकडे जात. एक दावं धरी, एक चोळी. फार बोलणं होत नसे. तरी त्या दिवसांत घरी परतल्यावर सिंधूताईंना सोबतीला टीव्ही लावायची आठवण राहत नसे.

दसऱ्याला मीराबाईंचा मुलगा प्रेमानंद बायकोला घेऊन दीक्षाभूमीवर गेला आणि तिथून गावी आला. त्याचं नागपुरात जरीपटक्याला मोबाईलचं दुकान होतं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. आता तिला एकटी ठेवायची नाही, असं तो ठरवूनच आला होता. तांबडी खैरीच्या एका माणसाला दिली. आता ती तुकतुकीत दिसत होती, लगेच गिऱ्हाईक मिळालं. निघताना मीराबाईंनी घराची किल्ली सिंधूताईंच्या हातात ठेवली.

"ये वं कधी जरीपटक्याले," त्या म्हणाल्या.

"येते ना."

दोघींनाही ठाऊक होतं, राखीला सोडून सिंधूताई कुठे जाणार नव्हत्या.

पुढच्या मंगळवारी डॉक्टर शेवटच्या खेपेला आल्या. राखीच्या अंगावर शोधून एक गोचीड सापडला. "पण पलीकडची भिंत सोडू नका," त्यांनी बजावलं. "जनावर नसलं तरी गोचीड महिनोन्महिने उपाशी दम धरून राहतो."

म्हणून सिंधूताई अजून संध्याकाळी किल्ली घेऊन पलीकडे जातात. रिकामा गोठा, कोरडी गव्हाण, कोपऱ्यात सुकलेलं शेण. भिंत ओली करतात आणि फटींत बुरशी मारतात. कार्तिकातल्या एका संध्याकाळी मारून झाल्यावर त्यांनी तिथूनच मीराबाईंना फोन लावला.

"बाई, तुह्या कोठ्यात आता काही नाही उरलं. साफ झाला."

"बरं झालं," मीराबाई म्हणाल्या. मागे टीव्हीचा आवाज होता, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. "तू जेवली?"

"नाही. जेवते आता."

"डाळ टाक थोडी. नुसतं भाकर-मिरची नको खाऊ."

फोन बंद झाला. सिंधूताईंनी दाराला कुलूप लावलं, घरी आल्या, चूल पेटवली आणि मूठभर डाळ शिजत टाकली.